स्कार्वीच्या छपरासाठी लिहिलेलं पान

इनेस मोवॅट चौतीस वर्षं उत्तरेकडच्या समुद्राकाठच्या स्कार्वी गावात टपाल वाटत होता. गावात घरं एकसष्ट, त्यांतली निम्मी रस्त्यापासून लांब, मेंढ्यांच्या कुरणांपलीकडे विखुरलेली. कुठलं फाटक उचलून ढकलावं लागतं, कुठला कुत्रा नुसता भुंकतो आणि कुठला खरंच पोटरी धरतो, मुलाचं पत्र आलं की कोणाचा हात थरथरतो, हे सगळं त्याला पाठ होतं. लग्न त्याने केलं नाही. करायचं नाही असं काही ठरवलं नव्हतं. आई अंथरुणाला खिळली तेव्हा तो एकोणतीस वर्षांचा होता आणि ती गेली तेव्हा सत्तेचाळीस. मधल्या काळात ज्या मुलींशी जमलं असतं त्या इन्व्हर्नेसला नाहीतर ॲबरडीनला निघून गेल्या होत्या.

पासष्टाव्या वर्षी तो निवृत्त झाला. गावाने सभागृहात चहापान केलं आणि पक्षी बघायला एक दुर्बीण दिली. पुढच्या सोमवारपासून टपाल जवळच्या विक शहरातून लाल गाडीत यायला लागलं. गाडी चालवणारी ट्रुडी भली बाई होती, पण तिला एका दिवसात तीन गावं उरकायची असत. खिडकीतून हात हलवायची आणि निघून जायची. त्यात तिची काही चूक नव्हती.

उरला तो बुधवार. बुधवारी दुपारी सभागृहात सूप असायचं. चौऱ्याऐंशी वर्षांच्या मिसेस स्वॉन्सन मसुराच्या डाळीचं सूप करायच्या, कोणी पाव आणायचं, कोणी जवाच्या पिठाच्या जाड पोळ्या. सोळा माणसं जेवायची. जेवण तासाभराचं, इनेस अकरालाच जाऊन टेबलं मांडायचा आणि तीनपर्यंत भांडी पुसत राहायचा.

नोव्हेंबरात समुद्रावरून वादळ आलं आणि सभागृहाच्या छपराचे निम्मे पत्रे घेऊन गेलं. काही पत्रे दुसऱ्या दिवशी दोन मैलांवरच्या शेतात सापडले, काही सापडलेच नाहीत. आतली लाकडं भिजून फुगली. विमावाल्यांनी कागद उलटून-पालटून हात वर केले. शहरातल्या एका न्यासाने मात्र शब्द दिला: गाव जितके जमवेल तितकेच आम्ही घालू. खर्च अडतीस हजार पौंड. म्हणजे गावाने एकोणीस हजार उभे करायचे, मार्च संपायच्या आत.

सभागृहाच्या समितीची बैठक अध्यक्षा रोना बजच्या स्वयंपाकघरात भरली. रोना पन्नाशीची, चारशे मेंढ्या एकटीने सांभाळणारी. बोलणं तिचं कायम कुंपणापलीकडच्या माणसाशी बोलल्यासारखं, मोठ्याने.

"इंटरनेटवर वर्गणीचं पान काढायचं," ती म्हणाली. "सगळी गावं काढतात. इनेस, तू सचिव आहेस. इतिवृत्तं तूच लिहितोस. तू लिही."

"मला त्यातलं काही कळत नाही, रोना."

"मला कळतं असं वाटतंय का तुला?"

त्यावर हशा झाला आणि काम इनेसच्या गळ्यात पडलं.

त्याने आठवडाभर खपून पान लिहिलं, अगदी इतिवृत्तासारखं. सदर सभागृह सन १९२६ मध्ये बांधण्यात आले. सदर सभागृहाचे छताचे दिनांक अमुक रोजी नुकसान झाले. तरी दानशूर व्यक्तींनी सढळ हस्ते मदत करावी. फोटो लावला तो मोडक्या छपराचा, लांबून, पावसात. त्यात छप्पर कुठलं आणि आभाळ कुठलं हे कळत नव्हतं. तीन आठवड्यांत एकशेचाळीस पौंड जमले. त्यातले पन्नास त्याचेच होते.

"खरं सांगू?" रोना फोनवर म्हणाली. "मी अध्यक्ष आहे, आणि हे वाचून मलासुद्धा पैसे द्यावेसे वाटले नाहीत."

मग तिनेच कुठूनसा एक नंबर मिळवून दिला. अशी पानं काढणाऱ्या गावांना फुकट सल्ला देणारी मॉर्वेन नावाची बाई इन्व्हर्नेसहून फोनवर बोलायची. इनेसने वही घेतली, पेन्सिलीला टोक काढलं आणि मग फोन लावला.

मॉर्वेन भराभर बोलणारी होती, पण समोरच्याचं नीट ऐकणारी. तिने त्याचं पान उघडून वाचलं. तेवढा वेळ फोनवर तिचा नुसता श्वास ऐकू येत होता. इनेसला ते बरं वाटलं. आपण लिहिलेलं कोणीतरी वाचतंय आणि आपण तिथेच आहोत, असं कधी झालं नव्हतं.

"मिस्टर मोवॅट, तुम्ही इमारतीबद्दल लिहिलंय," ती म्हणाली. "लोक इमारतीला पैसे देत नाहीत. माणसाला देतात. हे सभागृह बंद झाल्याने कोणाचं काय गेलं? एकच माणूस निवडा. त्याचं नाव लिहा, त्याचा चेहरा दाखवा."

"आणि छप्पर?"

"छप्पर शेवटी. पंचवीस पौंडांत काय येतं?"

"एक पत्रा. छोटा."

"बघा, हे लिहा. पंचवीस पौंड म्हणजे एक पत्रा, असं वाचलं की देणाऱ्याला आपला पत्रा दिसतो. आणि अजून एक. आधी गावाकडून घ्या. पाच द्या, दहा द्या, पण पहिल्या आठवड्यात. रिकाम्या पानावर परका माणूस पैसे टाकत नाही. रिकाम्या खानावळीत आपण शिरतो का?"

इनेसने हे सगळं लिहून घेतलं. फोन ठेवताना ती म्हणाली, "मग तुमच्या मनात कोण आहे? एक माणूस?"

"आहे एक," इनेस म्हणाला. त्याच्या मनात मिसेस स्वॉन्सन होत्या. पांढरे केस, सूपचा डाव, सगळं फोटोसाठी घडवल्यासारखं.

आधी त्याने गाव फिरायचं ठरवलं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला, दोन दिवस, जुन्याच वाटेने, जुन्याच क्रमाने. दारं उघडली. "अरे, इनेस! ये ये, आत ये, वारा बघ काय सुटलाय." कुठे चहा, कुठे केकचा तुकडा, कुठे गुडघ्यांची चौकशी. त्याने एका घरात सव्वा तास काढला. बेचाळीस घरांनी वर्गणी कबूल केली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी परतला तेव्हा बोलून बोलून त्याचा घसा दुखत होता आणि तो फार खुशीत होता. तिसऱ्या दिवशी कोणाकडे जायचं काही कारण उरलं नव्हतं. चौथ्याही दिवशी.

पाचव्या दिवशी तो मिसेस स्वॉन्सनकडे गेला. त्यांनी त्याचं बोलणं पुरतं ऐकून घेतलं. विणकाम खाली ठेवलं नाही.

"म्हणजे माझा फोटो लावणार. आणि खाली लिहिणार, बिचारी म्हातारी."

"तसं नाही, मिसेस स्वॉन्सन. तुमचं सूप, इतकी वर्षं तुम्ही..."

"चर्चच्या दाराशी वाडगा घेऊन बसवतोयस मला. मी नाही बसायची." सुया चालूच होत्या. "आणि खोटं आहे ते. मला तीन मुली आहेत. एक सकाळी फोन करते, एक दुपारी, आणि धाकटी कधीही करते, मला झोपसुद्धा घेऊ देत नाही. सभागृह बंद झालं तर माझे कष्ट वाचले. माझं काय गेलं?"

इनेसने वही मिटली.

"तुला कोण फोन करतं?" त्यांनी विचारलं.

त्या कुचकेपणाने विचारत नव्हत्या. म्हणूनच ते जास्त लागलं. त्याने टोपी हातात फिरवली.

"परवा त्या सल्ला देणाऱ्या मॉर्वेनने केला होता, कुठवर आलं ते विचारायला," तो म्हणाला.

"ती पगारी आहे," मिसेस स्वॉन्सन म्हणाल्या. "जा. तुझंच लिही."

घरी जाऊन त्याने लिहिलं नाही. दोन दिवस लिहिलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी न्याहारी आटोपल्यावर तो टेबलाशी बसला, आणि एकदा सुरू झाल्यावर खाडाखोड न करता लिहीत गेला.

*माझं नाव इनेस मोवॅट. मी स्कार्वीचा टपालवाला होतो. जानेवारीत एका सोमवारी आमच्या टपालवालीने मला विचारलं, पार्सल दारात ठेवू का. मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही. मी आजारी नव्हतो. गुरुवारपासून मी कोणाशी बोललो नव्हतो, एवढंच.*

*आमचं सभागृह चालू होतं तेव्हा दर बुधवारी तिथे सूप असायचं. मंगळवारीच मला ठाऊक असायचं की उद्या कोणीतरी मला नावाने हाक मारणार आहे. आम्ही सोळा जण जेवायचो. त्यांतले किती माझ्यासारखे आहेत ते मला माहीत नाही, कारण आमच्याकडे असं कोणी विचारत नाही आणि कोणी सांगत नाही. चौतीस वर्षं मी सगळ्यांच्या दारात गेलो. आता माझ्या दारात कोणी आलं तर मीटर वाचायला येतं.*

*आम्हाला एकोणीस हजार पौंड हवेत. त्यांतून पत्रे, खालची लाकडं आणि एक हीटर येईल. पंचवीस पौंडांत एक पत्रा येतो. सूप आमचं आम्ही करू.*

फोटोसाठी तो सभागृहात गेला, खिडकीच्या कठड्यावर फोन टेकवून ठेवला आणि ताडपत्रीखाली खुर्ची मांडून बसला. हसायचं की नाही हे न ठरल्यामुळे चेहरा मधेच कुठेतरी अडकला. तोच फोटो त्याने लावला. समितीला दाखवलं नाही. दाखवलं असतं तर टाकवलं नसतं. बटण दाबलं, कोट चढवला आणि समुद्राकडे चालत गेला. तासाभराने परतला. घरी आल्यावर पाहिलं तर कोणीच काही दिलं नव्हतं.

आधी रोनाचा फोन आला. नेहमीचा मोठा आवाज नव्हता.

"वाचलं मी."

"काढून टाकू का?"

"नको." तिने किटली खाली ठेवल्याचा आवाज आला. "सूपचं वाक्य चांगलं आहे." मग हळूच म्हणाली, "मला फोन करायचा होतास, इनेस."

"कशासाठी?"

"कशासाठी म्हणजे... असाच."

"असाच फोन मी कधी कोणाला केलेला नाही, रोना. तू केलायस?"

ती मेंढ्यांकडे बघायला हवं म्हणाली आणि फोन ठेवला.

आधी कबूल केलेली गावची वर्गणी आली. मग विकहून, थर्सोहून. दुसऱ्या आठवड्यात मात्र बांध फुटल्यासारखं झालं. लीड्सहून एका नर्सने एक पत्रा दिला. टोरांटोहून एका बाईने चार पत्रे दिले आणि लिहिलं, *माझ्या आईला माझी पत्रं तुम्हीच नेऊन द्यायचात, ती तुम्हाला उंच मोवॅट म्हणायची.* बर्गेनच्या कोणा माणसाने नुसतं *मीसुद्धा* असं लिहून दहा पौंड पाठवले. मॉर्वेनने सांगितलं होतं, प्रत्येकाचे आभार नावानिशी माना. इनेस रोज सकाळी बसून एकेकाला लिहायचा. पहिल्या आयुष्यात पत्रं पोचवली, दुसऱ्यात लिहायला बसलोय, असं त्याला वाटायचं. लिहून झालं की मात्र खोलीत पुन्हा घड्याळाची टिकटिक तेवढी असायची.

गावात त्याविषयी कोणी अवाक्षर काढलं नाही. चार दिवस नाही, पाच दिवस नाही. मग दारात वस्तू यायला लागल्या. रुमालात बांधलेले स्कोन, गोडसर छोटे पाव. मटणाचा पाय, झाकण लावून. बाया घंटा वाजवायच्या, हातात भांडं द्यायच्या, "काही नाही, जास्तीचं झालं होतं," म्हणायच्या आणि त्याच्याकडे अशा बघायच्या की जणू तो दवाखान्यातून नुकताच घरी आलाय. आत या म्हटलं की त्यांना घाई असायची.

डॉड सदरलँड मात्र भांडं न घेता आला. डॉड इनेसच्याच वर्गातला, शेवटच्या फाटकापलीकडचा शेतकरी. चौतीस वर्षं इनेसचा फेरा त्याच्या स्वयंपाकघरात चहाने संपत असे. तो उंबऱ्यावरच उभा राहिला.

"अख्ख्या जगाला सांगितलंस."

"छपरासाठी सांगितलं, डॉड."

"माझा मेहुणा ग्लासगोहून विचारतो, तुमच्या गावात माणसं राहतात की दगड? काय सांगू त्याला? चौतीस वर्षं माझ्या बायकोने तुला चहा दिला. दिला की नाही?"

"दिला."

"मग?"

"तो टपालाला मिळत होता," इनेस म्हणाला. "पिशवी खांद्यावरून उतरली, त्याला आता तीन वर्षं होतील. तेव्हापासून किती वेळा दिलात?"

डॉडचा चेहरा लालभडक झाला. तो वळला आणि फाटक उघडंच टाकून गेला. इनेस त्याच्या मागे जाऊन फाटक लावून आला.  असं तो आयुष्यात कोणाशी बोलला नव्हता. बोललेलं खरं होतं, पण खरं बोलल्याचं समाधान काही झालं नाही. गावात ज्याच्या घरी त्याला कधीही जाता आलं असतं असं एकच घर होतं, आणि तेही आता गेलं असं त्याला वाटलं.

एकोणीस हजारांचा आकडा मार्चच्या अकरा तारखेला ओलांडला. रोनाने गाडीचा भोंगा वाजवत गावभर फेरी मारली. न्यासाने शब्द पाळला. मे महिन्यात कारागीर आले, ऑगस्टच्या पहिल्या बुधवारी सभागृह उघडलं.

त्या दिवशी त्रेचाळीस माणसं आली. वाडगे कमी पडले, सूप कमी पडलं, मिसेस स्वॉन्सननी तिसऱ्यांदा पाणी वाढवलं आणि "आता याला सूप म्हणू नका," असं सगळ्यांना बजावलं. इनेसला हे सगळं पाहायचं होतं, सहा महिने तेच डोळ्यांपुढे होतं. पण तो आत शिरला तशी दारापाशी चाललेली बोलणी थांबली, आणि मग सगळे एकदम त्याच्याशी बोलायला लागले. या खुर्चीवर बस. नाही, इथे, हीटरजवळ. बरं वाटतंय ना? पूर्वी कोणी त्याला "मोवॅट, तो पाव इकडे फेक," असं म्हणायचं. आता पाव त्याच्या ताटलीत, लोणी लावून. टेबलं कोणीतरी आधीच मांडली होती. भांड्यांना हात लावू दिला नाही. दोन बाया आळीपाळीने त्याच्या शेजारी येऊन बसल्या. तसं आपापसांत ठरवलं असावं.

त्याला त्यांचा राग आला नाही. त्यांना दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं. पण सोळा माणसांत जो इनेस मोवॅट बसायचा तो पानावर चढला होता आणि तिथून खाली उतरायची वाट त्याला दिसेना.

तो कचऱ्याची पिशवी घेऊन मागच्या दाराने बाहेर पडला. भिंतीच्या आडोशाला डॉड सिगारेट ओढत उभा होता. दोघेही जरा अवघडले.

"छप्पर बरं झालंय," डॉड म्हणाला.

"हो."

"खिळे कमी मारलेत त्या कोपऱ्यात."

"मीही बघितलं ते."

डॉडने थोटूक बुटाखाली चिरडलं. "घरात बायको आहे माझ्या," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "एकेचाळीस वर्षं संसार झाला. तुझं ते पान मी तीनदा वाचलं. तिला सांगितलं नाही." आणि इनेस काही बोलायच्या आत तो घाईने म्हणाला, "सोमवारी विकला जातो मी, खाद्य आणायला. गाडीत जागा असते. यायचं तर ये, नाहीतर राहिलं."

इनेस पुढच्या सोमवारी गेला. त्यानंतरच्याही. जाता-येता चाळीस मिनिटांचा रस्ता. त्यात ते फार तर हवामानावर आणि मेंढ्यांच्या भावावर बोलले. तिसऱ्या सोमवारी डॉडची बायको बरोबर होती म्हणून जागा नव्हती. हे सोमवार असेच, कधी व्हायचे, कधी नाही.

बुधवार चालू राहिले. त्रेचाळीसचे तीस झाले, हिवाळ्यापर्यंत अठरा. बाया शेजारी बसायच्या थांबल्या, हे बरं झालं. ऑक्टोबरात एकदा मिसेस स्वॉन्सननी टॉवेल त्याच्या अंगावर भिरकावला आणि "बसून काय राहिलायस?" म्हणाल्या. त्याने सगळे वाडगे पुसले. बाकीचे सहा दिवस जसे होते तसेच राहिले. वादळी आठवड्यात तर कोणी बाहेरच पडत नसे, आणि तो रेडिओवरचं समुद्राचं हवामान पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐके, स्वतःची एकही होडी नसताना.

डिसेंबरात मॉर्वेनचा निरोप आला. देणाऱ्यांना शेवटचं एकदा कळवा, मगच पान बंद करा. इनेसने नव्या छपराचा फोटो काढला, या वेळी जवळून, ऊन असताना. हीटर किती चांगला चालतो ते लिहिलं. सगळ्यांचे आभार मानले. मग पानावर आलेले निरोप अखेरचे म्हणून चाळायला घेतले, तेव्हा एक नवा दिसला. बर्गेनचाच तो, *मीसुद्धा* लिहिणारा माणूस. त्याने विचारलं होतं, *आता बरं आहे का? विचारतोय, कारण आमच्याही गावात असं काही काढावं की नाही ते ठरवायचंय.*

इतक्या निरोपांत असा प्रश्न कोणी विचारला नव्हता. इनेसने तो पुन्हा एकदा वाचला. हो म्हणणं सोपं होतं. तीनशे माणसांनी पैसे दिले होते आणि त्यांना हो ऐकायचा हक्क होता.

त्याने लिहिलं: *आठवड्यातून एक दिवस बरं आहे. बाकीच्या दिवसांना छपराचा उपयोग होत नाही. पण तुम्ही काढा. पान लिहायला घ्याल तेव्हा आधी शेजाऱ्यांना सांगा, मग जगाला. मी उलटं केलं. आणि खिळे मोजून घ्या, कारागीर कोपऱ्यांत कमी मारतात.*

खाली त्याने आपला पत्ता घातला, पूर्ण, टपालाच्या क्रमांकासकट. मग पान बंद केलं आणि दुपारच्या चहासाठी पाणी ठेवलं, एक कपभर.